कोरियन ‘गाल्बी’ घरी करताना

कोरियात बरगडीच्या मांसाला ‘गाल्बी’ म्हणतात. तिथे गोमांसाच्या मुरवलेल्या बरगड्या जेवणाच्या टेबलावरच निखाऱ्यांवर भाजतात, कात्रीने कापतात आणि लेट्यूसच्या पानात गुंडाळून खातात. घरातली मुले हा पदार्थ मागत असतील तर जरूर करावा. पण एका खोलीच्या घरात कोळशाची शेगडी पेटवू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. कोरियन हॉटेलात टेबलावर धूर ओढणारे नळकांडे असते. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, चक्कर येते आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.

म्हणून खिडकी-दार उघडे ठेवून गॅसवर जाड तवा वापरावा. बोकडाच्या बरगड्याही चालतात. त्या पातळ कापून घ्याव्यात. एक किलोला सोया सॉस ५ मोठे चमचे, तेवढेच पाणी, साखर २ चमचे, ठेचलेला लसूण, मिरपूड, थोडे तिळाचे तेल आणि अर्धे किसलेले नाशपती लावावे. नाशपतीने मांस मऊ होते. भांडे झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिज नसेल तर अर्धा तास पुरे.

एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी हवे. म्हणून वरून मीठ घालू नये. रक्तदाब असलेल्यांनी एक-दोन तुकड्यांवरच थांबावे.

मांस मध्यम आचेवर सारखे उलटत आतपर्यंत शिजवावे. करपलेला भाग काढून टाकावा, उरलेला कच्चा मसाला वरून ओतू नये.