वीस डिग्रीसाठी

भाच्याचं लग्न एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झालं. मे संपत आला तरी व्हिडिओ हाती येईना. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा स्टुडिओवाले म्हणाले, "काय सांगू सर, मशीन तापायलंय. दुपारी रेंडरिंगला लावलं की बैलावानी बसकण मारतंय. आज त्याच्या प्रोसेसरचं टोपण काढायला टाकलंय. वीस डिग्री उतरतंय म्हणे."

वीस डिग्री! बाहेर पारा त्रेचाळीसवर होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि घरातला कूलर गरम वाफ फेकत होता. अशा दुपारी परभणीत कुणी वीस डिग्री म्हटलं की माणूस व्हिडिओ विसरतो. मी पत्ता विचारला आणि संध्याकाळी निघालो.

स्टेशन रोडच्या एका गल्लीत, मोबाइलच्या दुकानांच्या ओळीत, आठ बाय दहाचं ते दुकान. आत पस्तिशीचा एक हार्डवेअरवाला, एक टेबल, एक पंखा. कूलर होता, पण बंद. "काहून बंद ठेवला?" असं विचारलं तर म्हणाला, "बोर्ड उघडा असला की ओली हवा नको, सर. मला घाम येऊ द्या, त्याला नको." बनियन पाठीला चिकटलेली आणि समोर दुसऱ्याच्या यंत्राचा ताप उतरवायचं काम मांडलेलं.

टोपण म्हणजे काय, ते त्याने आधी समजावलं. आपण प्रोसेसर म्हणून जी चकचकीत चौकोनी वडी पाहतो, ती खरं तर वरची टोपी असते. निकेलचा मुलामा दिलेलं तांबं. तिला हीट स्प्रेडर म्हणतात. खरी चिप तिच्या पोटात, नखाएवढी. ही टोपी उगाच नाही. 2000 सालाच्या सुमारास कित्येक प्रोसेसर उघड्या चिपचेच यायचे आणि वरचा जड पंखा बसवताना कोपऱ्याचा टवका उडाला की प्रोसेसर मेला. टोपीने चिप वाचवली आणि उष्णता पसरवायचंही काम केलं. प्रश्न टोपी आणि चिप यांच्यामध्ये काय भरलंय, हा.

इथे थोडा हिशेब केला पाहिजे. घरातली इस्त्री हजार वॅटची, तिचा तळवा साधारण दोनशे चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट. स्टुडिओवाल्यांच्या मशीनमध्ये आठव्या पिढीचा, सहा कोरचा आय-सेव्हन 8700 के होता. त्याच्यावर कागदोपत्री 95 वॅट लिहिलेले आणि चिप जेमतेम दीड चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर साठच्या वर येतात. इस्त्रीच्या बारापट धग, आणि ती एका नखातून बाहेर काढायची. मध्ये साध्या पेस्टचा एक दशांश मिलिमीटरचा थर जरी आला, तरी तेवढ्या थरापायीच बारा-तेरा अंशांचा फरक पडतो. टोपी कडांना काळ्या सिलिकॉनने चिकटवतात. त्या सिलिकॉनच्या जाडीमुळे टोपी किंचित उचललेली राहते, फट वाढते आणि फटीत पेस्ट.

पूर्वी असं नव्हतं. इंटेलचे 2011 चे सँडी ब्रिज प्रोसेसर आतून सोल्डरने जोडलेले होते, म्हणजे धातूला धातू. 2012 साली आयव्ही ब्रिज आले आणि घरगुती वापराच्या प्रोसेसरमध्ये सोल्डरच्या जागी पेस्ट आली. तेव्हापासून जगभरच्या हौशी लोकांनी टोप्या काढायला सुरुवात केली. कुणी दाढीच्या ब्लेडने, कुणी पकडीत धरून हातोडीने. पुढे रोमन हार्टुंग या जर्मन माणसाने, ज्याला या जगात डेअरबाउअर म्हणून ओळखतात, त्यासाठी एक हत्यार बनवून बाजारात आणलं. टोपी उचकटायची नाही, आडवी सरकवायची, अशी त्याची कल्पना. हार्डवेअरवाल्याच्या हातात तशाच धाटणीचं हत्यार होतं. मी म्हटलं, "जगात जर्मनी..." तो मान वर न करता म्हणाला, "भारतात परभणी. रोज एक तरी गिऱ्हाईक म्हणतंच, सर."

पण त्याने लगेच हत्यार चालवलं नाही. या माणसाबद्दल माझं मत तिथेच चांगलं झालं. आधी त्याने कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला. धुळीबरोबर पांढरा पुंजका निघाला, सरकीला चिकटलेली असते तसली रुई. "मानवत, सेलूकडची मशीनं आली की हेच निघतंय. जिनिंगजवळचं ऑफिस असलं तर पंख्यात गादी भरलेली." मग पंख्याखालची जुनी, वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली. मशीन पूर्ण ताणावर चालवलं. आधी ते शंभर अंशांना टेकून वेग कमी करत होतं. शंभर ही त्या प्रोसेसरची शेवटची रेघ, तिथे तो स्वतःला वाचवायला मंद होतो. आता शहाण्णववर थांबला. खोलीत चौतीस. त्याने दोन्ही आकडे बॉलपेनने पुठ्ठ्यावर लिहिले.

"दहापैकी नऊ मशीनं इथंच बरी होतात," तो म्हणाला. "याची अजून दुपार निघायची नाही."

दुपार निघायची नाही, हे परभणीचं गणित. परदेशातले आकडे थंड खोलीतले असतात. पंखा कितीही मोठा लावा, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली बावीसची चाळीस झाली की प्रोसेसरही तेवढाच, अठरा अंश, वर चढतो. आणि लग्नसराई नेमकी एप्रिल-मेची. ज्या दिवसांत मशीनने सर्वांत जास्त राबायचं, त्याच दिवसांत खोली भट्टी असते. यंत्राचं काय, माणसांचंही इथे तसंच चालतं.

मग त्याने प्रोसेसर हत्यारात बसवला, ॲलन की फिरवायला घेतली. अर्धा फेरा, थांबला. पाव फेरा, थांबला. स्टुडिओवाले टेबलाच्या कडेला नखं खात उभे. ओव्हरटाइमच्या पैशातून 2018 साली घेतलेलं मशीन, वॉरंटी कधीच सरलेली, आणि टोपण काढल्यावर ती असती तरी गेलीच असती.

कट्.

एवढाच आवाज. वाळक्या शेंगेचा होतो तसा. त्यानंतर कितीतरी दिवस तो आवाज मला आठवत राहिला, कारण त्या एका क्षणात दोनच शक्यता होत्या आणि आवाज दोन्हींचा सारखाच आला असता. सिलिकॉन सुटलं किंवा चिप फुटली. स्टुडिओवाल्यांनी डोळे मिटले होते. हार्डवेअरवाल्याने टोपी उलटी केली, चिपवर दिवा धरला आणि म्हणाला, "उघडा डोळे, दादा. सुटलंय."

त्याच्या ड्रॉवरमध्ये एक मेलेला प्रोसेसर आहे. सुरुवातीला ब्लेडने केला होता, ब्लेड अर्धा मिलिमीटर जास्त आत गेलं आणि हिरव्या पट्टीतली तार कापली गेली. गिऱ्हाइकाला स्वतःच्या खिशातून नवा घेऊन दिला. तो प्रोसेसर त्याने फेकला नाही. नवीन पोराला काम शिकवायच्या आधी तो हातात देतो.

पुढची कामं शांततेत झाली. जुन्या एटीएम कार्डाने सिलिकॉन खरवडणं, स्पिरिटने पुसणं. चिपशेजारच्या बारीक सोनेरी टिकल्यांवर त्याने नेलपॉलिश लावलं, गुलाबी. "बायकोचं आहे. मागून आणलंय," हे त्याने स्वतःहून सांगितलं. नेलपॉलिश कशाला, तर पुढे लावायचा पदार्थ वीज वाहून नेतो, तो टिकल्यांना लागता कामा नये.

तो पदार्थ म्हणजे लिक्विड मेटल. गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचं मिश्रण. सुईतून एक थेंब चिपवर पडला, फुटलेल्या थर्मामीटरमधल्या पाऱ्यासारखा टुणकन गोल. कापसाच्या काडीने तो चोळत राहिला, तेव्हा थेंब हट्ट सोडून आरशासारखा पसरला. नुसतं गॅलियमही तीसच्या जरा आधीच वितळतं, म्हणजे परभणीच्या उन्हाळ्यात ते बाटलीत घट्ट राहणारच नाही. त्याचं एक वैर मात्र पक्कं आहे, ॲल्युमिनियमशी. त्यात शिरून ते त्याला ठिसूळ करून टाकतं. हार्डवेअरवाल्याची भाषा सोपी होती. "तांब्याला चालतंय. जर्मनच्या भांड्यावर थेंब पडला, तर भांडं गेलं समजा." माझी आजी ॲल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मनचं पातेलंच म्हणायची.

टोपीच्या चार कोपऱ्यांना त्याने गॅरेजवाल्याकडून आणलेल्या काळ्या सिलिकॉनच्या चार टिकल्या दिल्या. दुकानभर व्हिनेगरचा आंबट वास पसरला, संध्याकाळच्या चायनीज गाडीसारखा. पहिल्यासारखी पूर्ण कड भरायची नाही, नाहीतर पुन्हा फट. प्रोसेसर रात्रभर पकडीत दाबून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेलो. मशीन पूर्ण ताणावर अर्धा तास चाललेलं, पडद्यावर अठ्ठ्याहत्तर. स्टुडिओवाल्यांनी बोटांवर मोजलं. "शहाण्णवातून अठ्ठ्याहत्तर गेले, अठरा. तुम्ही वीस म्हणला होतात, भाऊ."

हार्डवेअरवाल्याने पुठ्ठा पुढे सरकवला. "काल खोली चौतीस होती, दादा. आज छत्तीस आहे. अठरा अन् दोन."

वीस. हिशेब चोख होता.

इंटेलने 2018 च्या ऑक्टोबरमध्ये नवव्या पिढीचा आय-नाइन 9900 के आणला तेव्हा त्यात पुन्हा सोल्डर घातलं आणि ते जाहिरातीत सांगितलं. म्हणजे हौशी लोक सहा वर्षं काही खुळ्यासारखे टोप्या काढत नव्हते, असं माझं मत झालं. पण सोल्डरची टोपी अशी सहज सरकत नाही. ती जबरदस्तीने काढायला गेलं तर चिपच फुटायची भीती. त्यामुळे नवी मशीनं आली तशी या हत्याराची गरज ओसरत चालली आहे.

व्हिडिओ तिसऱ्या दिवशी मिळाला. तरीही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. प्रोसेसर 2012 ते 2018 च्या पेस्टवाल्या पिढीतला असेल, वॉरंटी संपलेली असेल, आणि धूळ काढून, वरची पेस्ट बदलूनही मशीन दुपारी शंभराला टेकत असेल, तरच टोपणाच्या वाटेला जा, तेही मेलेला प्रोसेसर ड्रॉवरमध्ये जपून ठेवणाऱ्या माणसाकडे. बाकीच्यांनी आज कॅबिनेट उघडून पंख्यातली रुई काढावी.