चाकामागील तांबडा रंग

आश्विन लागला कीं आमच्या हदगांवांत दारोदारीं वाहनें धुतलीं जाऊं लागतात. पूर्वीं हा मान बैलगाडीचा होता, सांप्रत मोटारीचा आहे, एवढाच काय तो भेद. गतवर्षीं ह्याच सुमारास आमच्या धाकट्या बंधूंचा नातू माझ्याकडे आला. मुलगा बुद्धीनें तल्लख, परंतु हातानें उतावळा. म्हणाला, "आजोबा, आपल्या गाडीचे कॅलिपर तांबडे करूं का?" मीं तीस वर्षें मुलांना शब्दरूपें शिकविलीं, पण हा शब्द माझ्या कोशांत नव्हता. न समजतां "कर" म्हणालों, आणि चूक तेथेंच झाली.

फाटकाला लावून उरलेला तांबडा रंग त्यानें चाकांच्या फटींतून कुंचल्यानें चोपडला. दुसऱ्या दिवशीं घरचीं पांच माणसें नांदेडास निघालीं. वारंगा फाट्यावर खिचडीसाठीं थांबतात तों जळका वास येऊं लागला. पुढच्या डाव्या चाकाच्या जवळ हात नेववेना. तेथील मिस्त्रीनें चाक काढून दाखविलें कीं, रंग वाळून ब्रेकचा पॅड आपल्या खांचेंत चिकटून बसला होता. पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता. माणसें सुखरूप परतलीं, ही ईश्वराची कृपा. रात्रीं सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, रंगाचें काय, तो कसाही असो. पण त्या गाडींत लेकरें बसतात."

हें वाक्य मला लागलें. मग मी त्या यंत्राची माहिती करून घेण्यास बसलों.

चाकाबरोबर ओतीव लोखंडाची एक तबकडी फिरत असते, ती डिस्क. तिला दोहों बाजूंनीं धरणारा जो चिमटा, तो कॅलिपर. पायानें पेडल दाबलें कीं नळींतील ब्रेक ऑईल कॅलिपरांतील दट्ट्या पुढें लोटतें, दट्ट्या पॅडला लोटतो आणि पॅड तबकडीस घट्ट धरतात. ह्यांतील सर्वांत सुंदर भाग पुढेंच आहे. दट्ट्याभोंवतीं रबराचें एक कडें असतें. दट्ट्या पुढें सरकतांना तें किंचित् मुरडतें. पाय काढतांच तें सरळ होऊं पाहतें आणि दट्ट्यास केसभर मागें ओढून घेतें. ब्रेक सुटतो तो ह्या केसभर हालचालीनें. तेथें वाळलेल्या रंगाचा एक पापुद्रा आडवा आला तर काय होतें, तें वारंगा फाट्यावर पाहिलेंच.

ही कल्पना तशी जुनी. फ्रेडरिक लँचेस्टर नांवाच्या इंग्रज यंत्रज्ञानें 1902 सालीं तिचें पेटंट घेतलें. परंतु जगाचे डोळे तिच्याकडे वळले ते 1953 सालीं, जेव्हां फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार गाडीनें डिस्क ब्रेकांच्या बळावर जिंकली. तांबड्या रंगाचें वेड मात्र मुख्यतः इटलींतील ब्रेंबो ह्या कंपनीच्या ब्रेकांवरून आलेलें आहे. 1961 सालीं बेर्गामो शहराजवळ ती निघाली, आणि आज पुण्याजवळ चाकण येथेंही तिचा कारखाना आहे. शर्यतीच्या गाडीचा टिळा आपल्या संसारी गाडीस लावावा, असें मुलांना वाटतें. वाटूं द्यावें, हौसेला माझा विरोध नाहीं. शिवाय आमच्या काळ्या मातीचा चिखल चाकांत बसून लोखंड गंजवितो, त्यास रंगानें आळा बसतो, हाही लाभ आहेच.

पण पोळ्याच्या दिवशीं शिंगांना हिंगूळ लावण्यापूर्वीं बैल नदीवर नेऊन धुतात, शिंगें घासतात, मगच रंगाला हात घालतात. येथेंही काम खरें तें घासण्याचें आणि झांकण्याचें. रंग लावणें ही अर्ध्या घटकेची गोष्ट.

यंदां आम्हीं तें रीतीनें केलें. अंगण सपाट पाहून हँडब्रेक ओढला, मागील चाकांना दगड लावले आणि चाक जमिनीवर असतांनाच नट थोडे सैल केले. मग जॅक लावला. परंतु एकट्या जॅकच्या भरंवशावर न राहतां पक्की घोडी गाडीखालीं दिली. काढलेलें चाकही आडवें करून खालीं सरकविलें. कॅलिपर नळीपासून सोडविला नाहीं. घरीं करणाऱ्यानें तो सोडवूंच नये, कारण नळी सुटली कीं आंत हवा शिरते व ब्रेक पोकळ होतो. साबणाच्या पाण्यानें चिखल भिजवून तारेच्या ब्रशानें घासला. पॅडची ती काळी धूळ तोंडानें फुंकूं नये. ती श्वासांत जाणें बरें नव्हे.

आमच्याकडे कोणतीही लोखंडी वस्तू रॉकेलानें किंवा डिझेलानें धुण्याची जुनी खोड आहे. ब्रेकच्या बाबतींत ती घातक ठरते. ब्रेकचें रबर खनिज तेलानें फुगतें, आणि फुगलेलें रबर दट्ट्यास सोडीत नाहीं. म्हणून शेवटचा हात ब्रेकसाठींच मिळणाऱ्या क्लीनरचा दिला.

पुढें कागद व चिकटपट्टी घेऊन तबकडी, पॅड, दट्ट्याचें रबर, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना आणि नळीची जोडणी इतकें सारें झांकलें. ह्यांत दोन तास गेले. नातू कंटाळला, मी कंटाळूं दिलें. रंग उष्णता सोसणारा, कॅलिपरसाठीं म्हणून मिळणारा, असाच घ्यावा. घाट उतरतांना तबकडी कित्येक शें अंश तापते. कॅलिपर तितका तापत नसला तरी फाटकाच्या रंगास ती धग सोसवत नाहीं. कुंचल्यानें दोन पातळ हात दिले व दोहोंमध्यें पुरता अवकाश ठेवला. ब्रेक ऑईलचा थेंब सांडूं देऊं नये. तो नवा रंग खाऊन टाकतो. लहान गाड्यांना मागें बहुधा डिस्क नसून ड्रम असतो, तेव्हां आमचें काम पुढल्या दोन चाकांवरच आटोपलें.

रात्रभर गाडी हलविली नाहीं. सकाळीं नट आडवे-तिरपे आवळले, पेडल कठीण लागेपर्यंत दाबून पाहिलें आणि गल्लींत सावकाश दोन फेऱ्या मारून चाकांजवळ हात नेला. दोन्ही चाकें सारखींच कोमट होतीं.

दसऱ्याच्या पूजेस सूनबाई तेलांत कालवलेला शेंदूर घेऊन चाकाजवळ बसल्या, तोंच नातू ओरडला, "काकू, तबकडीला तेल लागूं देऊं नका!" त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं मान डोलावली. शेंदूर बॉनेटवर लागला, आणि झेंडूची माळही तेथेंच पडली.