शाल, श्रीफळ आणि शाहीर

भाऊबीज आटोपली की पुण्या-मुंबईची मंडळी दिवाळी अंक उशाशी घेऊन दुपारची अंमळ लवंडतात. आमच्या भंडारा जिल्ह्यात मात्र त्या दिवसांत कोणाला लवंडायला सवड नसते. गावोगाव मंडई भरू लागते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरते, दिवसा दंडार नि खडी गंमत रंगते, आणि रात्री उघडलेला नाटकाचा पडदा पडतो तो थेट पहाटे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सारा झाडीपट्टीचा मुलूख. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोलीकडचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे शहरातल्या पुष्कळांना या नाटकवेड्या मुलखाचा पत्ता लागला!

पण वाचकहो, पहाटेपर्यंत तट्ट्यावर बसून नाटक पाहिलेले पोर सकाळी शाळेत जाते, तेव्हा त्यातले काय त्याच्याबरोबर वर्गात शिरते? फक्त जांभया.

मी हे हसत लिहितो आहे, पण त्या हसण्यात माझाही थोडा अपराध आहे. मी याच मातीतला. आमच्या झाडीबोलीत ‘ण’ नाही नि ‘ळ’ही नाही. पाण्याला आम्ही ‘पानी’ म्हणतो, डोळ्याला ‘डोरा’. लहानपणी आमच्या गुरुजींनी पट्टीच्या साहाय्याने मला ‘ण’ शिकवला. पुढे एम. ए. होऊन मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि माझ्या विद्यार्थ्यांचे ‘पानी’ सुधारू लागलो. पट्टी तेवढी हातात नव्हती, एवढाच काय तो फरक.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक, माझे स्नेही, म्हणाले, “सर, आपल्या पोरांना एखादा खराखुरा कलावंत दाखवू या.” कल्पना छान होती. खडी गंमतीचे एक वृद्ध शाहीर आम्ही बोलावले. मंडप पडला, खुर्च्या मांडल्या, पाहुणे आले. भाषणे चाळीस मिनिटे झाली (त्यांतली पंधरा माझी), आणि शाहिरांना मिळाली वीस मिनिटे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही शाहिरांना शाल पांघरली, हातात श्रीफळ दिले आणि धन्य झालो. संध्याकाळी मी त्यांना एस. टी.वर पोचवायला गेलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “सर, शाली घरी सात आहेत. आज मजुरी बुडली.”

त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही.

मग मी जरा वाचू लागलो, तेव्हा कळले की शाळेत कलावंत आणून ‘दाखवायचा’ नसतो. तो शाळेत राहायला आणायचा असतो. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९१९ साली सिल्हेटला मणिपुरी नृत्य पाहिले आणि ते शिकवणारे गुरूच शांतिनिकेतनात आणून ठेवले. आमच्या शेजारच्या वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी शिक्षणपरिषद भरवली आणि हाताला काम देणाऱ्या शिक्षणाची, नयी तालीमची, मांडणी झाली. अमेरिकेत १९६९ पासून सरकारी मदतीने कलावंत शाळांतून पाठवले जाऊ लागले. आणि आपल्याकडच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर स्वच्छ लिहिले आहे की, प्रत्येक शाळेने, निदान शाळांच्या समूहाने, ‘निवासी कलावंत’ ठेवण्याचे ध्येय बाळगावे. त्याच धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी, कलावंत यांच्या हाताखाली शिकावे, अशी योजना आहे. कागदावर सारे आहे. त्या कागदाला पाय फुटायला हवेत, इतकेच!

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच शाहिरांच्या दारात गेलो. या खेपेला शाल नेली नाही. मानधनाचा आकडा आधी ठरवला. गावाने वर्गणी काढली. निम्मी रक्कम पहिल्याच दिवशी त्यांच्या हातावर ठेवली. वेळ त्यांनीच सांगितली. ते बोलूनचालून शेतकरी. आषाढ-श्रावणात धानाची रोवणी, दिवाळीच्या सुमाराला कापणी, आणि नंतर शिमग्यापर्यंत कार्यक्रमांची धावपळ. मोकळे काय ते भाद्रपदातले दिवस, धान शेतात उभे असते तेव्हाचे. शाळेचे वेळापत्रक आम्ही त्या धानाला विचारून केले म्हणा ना!

दहा दिवस शाहीर एका गुरुजींकडे उतरले. सकाळी एकेका वर्गाबरोबर तासभर बसत. दुपारी शाळेच्या ओसरीवर ढोलकी पुढ्यात घेऊन नुसतेच असत. खरे शिक्षण या ‘नुसते असण्यात’ झाले. ढोलकीची शाई कशी लावतात, ती ओढून सुरात कशी आणतात, पाठांतर नसलेला नट वेळ कशी मारून नेतो, असे शंभर प्रश्न पोरांनी त्यांना विचारले. तिसऱ्या दिवसापासून त्यांचे ‘आबाजी’ झाले.

मुलांनी गावच्या तलावावर स्वतःची एक छोटी गंमत रचली. हा तलावांचाच जिल्हा. त्यामुळे विषय शोधायला लांब जावे लागले नाही. तलाव कोणी खोदला, पाटाचे पाणी कसे वाटत, गाळ का साचला, हे विचारायला पोरे घरोघर फिरली. इतिहास, भूगोल आणि गणित अशी आपल्या पायांनी चालत आली. जुन्या गंमतीत बाईचे सोंग पुरुष घेतो. मुली म्हणाल्या, “आमी हाओत न, मंग पोरं कायले पायजेत?” आबाजी घटकाभर गप्प बसले. मग हसून त्यांनी घुंगरू मुलींपुढे सरकवले.

आणि एक मुलगा होता. वर्गात तो तोंड उघडत नसे. उघडले की ‘पानी’ बाहेर पडे आणि सारे हसत. आबाजींनी नेमके त्यालाच तलावाचे सोंग दिले. तो उभा राहिला आणि झाडीबोलीत असा घडाघडा बोलला, की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या. त्या दिवशी मी कोणाचे काही सुधारले नाही. गंमत अशी की, पुढे त्याने प्रमाण मराठीतला निबंधही अधिक धीटपणे लिहिला. घरची बोली अंगणात ताठ उभी राहिली की पाहुण्या भाषेचे भय उरत नाही, हे मला इतकी वर्षे शिकवून कळले नव्हते.

सारेच सुरळीत झाले असे नाही. दोन पालकांनी “पोरांना नाचे करता काय?” म्हणून भांडण काढले. एका गुरुजींना बुडालेल्या तासांची चिंता लागली. पैसे तर काठोकाठ पुरले. दुसऱ्या शाळेने हाच प्रयोग करताना मानधन पुन्हा ‘नंतर पाहू’वर ठेवले, आणि तो तिसऱ्याच दिवशी मोडला.

म्हणून आमच्या अनुभवाचे सार तीन गोष्टींत सांगतो. कलावंत तासाला नव्हे, दिवसांच्या हिशेबाने बोलवा. त्याची मजुरी आधी ठरवा. आणि मुलांच्या प्रगतीचे माप पाहुण्यांसमोरच्या कार्यक्रमाने घेऊ नका. ओसरीवरच्या गप्पांनी घ्या.

यासाठी झाडीपट्टीतच राहिले पाहिजे असे मुळीच नाही. आमच्याकडे मोहाडी-आंधळगावला कोशाचे रेशीम विणणारे आहेत, भंडाऱ्याला पितळेची भांडी घडवणारे आहेत. तुमच्या शहरातही एखादा मूर्तिकार, सनईवाला वा बुरूड दोन गल्ल्यांपलीकडे असेलच. पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी झाल्यावर एवढे अवश्य विचारा, “आपल्या शाळेत यंदा कोण राहायला येणार?”

दहाव्या दिवशी निरोपाच्या वेळी कोणीतरी सवयीने शाल आणलीच. आबाजींनी ती घेतली आणि शाळेच्या शिपायाच्या खांद्यावर टाकली. मग मुख्याध्यापकांना म्हणाले, “मला तो हजेरीपट एकदा दाखवा.” शिक्षकांच्या नावांखाली त्यांचे नाव होते, आणि पुढे त्यांच्या दहा वेड्यावाकड्या सह्या. ते बराच वेळ त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले.