कल्पित भूमींची संहिता

वाङ्मयप्रकारांची वर्गवारी आपण कितीही काटेकोरपणे केली, तरी काही ग्रंथ तिच्या सीमेवर उभे राहतात आणि त्यांना कोणत्या निकषाने तोलावे हा प्रश्न टीकाकारापुढे टाकतात. इंग्रजीत ज्यांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात, त्या भूमिकाखेळांसाठी लिहिल्या जाणाऱ्या विश्व-पुरवण्या हा अशा ग्रंथांचाच एक वर्ग होय. त्यांत कथा नसते, पण कथेला लागणारी सामग्री मात्र सर्व असते. त्यांच्याविषयी मते पुष्कळ मांडली गेली आहेत. परंतु ती ज्या गृहीतावर उभी आहेत ते गृहीतच तपासून पाहणे अगत्याचे आहे, असे मला वाटते.

प्रथम खेळाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. चार-सहा माणसे एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि परिणाम अनिश्चित असेल तेथे फाशांचा कौल घेतला जातो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला, तेथून ह्या प्रकाराचा छापील इतिहास सुरू होतो. त्या पुस्तिकांत नियम होते. पण ते ज्या भूमीवर चालायचे ती भूमी सूत्रधाराने स्वतःच कल्पावी, अशी अपेक्षा होती. पुढे नकाशे, राजवंश, देवता, नगरे आणि चालीरीती यांची तयार वर्णने देणारे ग्रंथ निघू लागले. त्यांनाच येथे विश्व-पुरवणी म्हटले आहे.

ह्या पुरवण्यांविषयी दोन परस्परविरोधी मते आढळतात. पहिल्या मतानुसार तपशील जितका विपुल व सुसंगत, तितके विश्व खरे. टॉल्किन यांनी परीकथांवरील आपल्या निबंधात मांडलेली दुय्यम विश्वाची कल्पना ह्या पक्षाला जवळची वाटते. दुसऱ्या मतानुसार तपशिलाचा भार वाढला की सूत्रधाराची कल्पकता आखडते. तो निर्माता न राहता दुसऱ्याच्या दप्तराचा कारकून होतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्ष पुरवणीकडे एक पूर्ण झालेली कृती म्हणूनच पाहतात. एक तिच्या समृद्धीवर लुब्ध होतो, दुसरा तिच्या भाराने दबून जातो.

वस्तुतः पुरवणी ही पूर्ण कृती नव्हेच. नाट्यविचारात आपण संहिता आणि प्रयोग असा जो भेद करतो, तोच येथे लावला पाहिजे. पुरवणी ही संहिता आणि टेबलाभोवतीचा खेळ हा प्रयोग. नाटकाच्या संहितेत निदान संवाद तरी ठरलेले असतात. येथे तेही नसतात. म्हणून पुरवणीचे मोल तिने काय सांगितले एवढ्यावरून ठरत नाही. तिने काय, कोठे आणि कशासाठी न सांगता सोडले, हेही पाहावे लागते.

१९८० साली प्रसिद्ध झालेली गायगॅक्स यांची 'वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक' ही पुरवणी ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पुस्तिका अवघी ३२ पानांची. सोबत एक विस्तीर्ण रंगीत नकाशा. प्रत्येक राज्याच्या वाट्याला राज्यकर्ता, लोकसंख्या, साधनसंपत्ती आणि थोडासा इतिहास एवढेच येते. पण त्या थोडक्या ओळींत एका जुन्या साम्राज्याची वेडसर सम्राटाखाली चाललेली पडझड आहे आणि त्यातून फुटून निघालेले प्रांत आहेत. पुढे काय होणार, हे मात्र सांगितलेले नाही. कोऱ्या कागदावरही जागा मोकळीच असते. परंतु ती कोणाला हाक मारीत नाही. ग्रेहॉकमधील मोकळी जागा तणावाने भारलेली आहे, म्हणूनच ती प्रयोगाला आवाहन करते.

ह्याच्या उलट टोकाला एड ग्रीनवुड यांचे 'फरगॉटन रेल्म्स' येते. बालपणापासून मनात वाढविलेले हे विश्व १९८७ साली पेटीबंद पुरवणी होऊन बाहेर पडले. त्या पहिल्या पेटीत सेंबिया नावाचा देश मुद्दाम सूत्रधारांसाठी राखून ठेवला होता. परंतु पुरवण्यांबरोबर कादंबऱ्याही निघू लागल्या, आणि कादंबरीत घडलेले विश्वाचा अधिकृत इतिहास ठरू लागले. १९८९ सालच्या कादंबरीत्रयीत काही देवता मरण पावल्या. ज्यांच्या पात्रांनी त्याच देवतांची उपासना चालविली होती, त्या खेळाडूंना आता अधिकृत इतिहास मानावा की आपला खेळ, असा पेच पडला. २००० सालापासून तर सेंबियावरही कादंबऱ्यांची मालिका सुरू झाली. तपशील वाढला, हा येथील दोष नव्हे. संहितेने प्रयोगाची जागा घेतली, हा दोष होय. कादंबरीत जे स्वाभाविक, तेच पुरवणीत अतिक्रमण ठरते.

तिसरे उदाहरण भारतीय वाचकाला अधिक निकटचे वाटेल. १९७५ साली 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' ह्या खेळातून प्रकट झालेले टेकुमेलचे विश्व एम. ए. आर. बार्कर यांनी रचले. ते मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई विषयांचे प्राध्यापक होते आणि उर्दूच्या अध्यापनासाठी त्यांनी पाठ्यपुस्तके लिहिली होती. टेकुमेलला स्वतंत्र भाषा आहे, लिपी आहे. युरोपीय मध्ययुगाची नेहमीची छाया तेथे नाही. ह्या विश्वाचे कौतुक खूप झाले, पण ते खेळण्यापूर्वी अभ्यासावे लागते ही तक्रारही तितकीच जुनी आहे. २०१२ साली बार्कर निवर्तले. १९९१ साली टोपणनावाने निघालेली एक नव-नाझी कादंबरी त्यांनी लिहिली होती, हे त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच २०२२ साली मान्य केले. ज्यांनी अनेक वर्षे टेकुमेल खेळले, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: ते विश्व कोणाचे?

संहिता आणि प्रयोग हा भेद येथे केवळ पारिभाषिक राहत नाही. संहितेचे उत्तरदायित्व लेखकाचे. तिच्यात त्या विचारांचा अंश उतरला आहे की नाही, हे संहिताच पुन्हा वाचून ठरवावे लागेल, आणि त्या वाचनात भिडस्तपणा उपयोगाचा नाही. पण टेबलाभोवती जे घडले, जी मैत्री, जे धाडस, जो शोक माणसांनी मिळून निर्माण केला, तो त्या माणसांचा आहे. लेखकाच्या दुष्कृत्याने तो रद्द होत नाही, आणि त्या आनंदाने लेखकही निर्दोष ठरत नाही.

तेव्हा विश्व-पुरवणी वाचताना टीकाकाराने पृष्ठसंख्या मोजू नये. ह्या विश्वात अपुरे असे काय आहे, ते पुरे करण्याची इच्छा वाचणाऱ्याच्या मनात जागी होते काय, आणि ते पुरे करण्याचा अधिकार लेखक त्याला खरोखर देतो काय, हे तीन प्रश्न विचारावेत. ज्या पुरवणीला ह्या तिन्ही प्रश्नांना होकार देता येतो, तिला वाङ्मयाच्या प्रांगणात जागा देण्यास आपण संकोचू नये.