अर्धशिशी आणि नस्य : तेलाच्या थेंबांपूर्वी

अर्धे डोके ठणकू लागले, उजेड नकोसा झाला, की आपल्या घरांतून हमखास सल्ला मिळतो : ‘नाकात दोन थेंब तूप सोडा.’ या सल्ल्याला दीर्घ परंपरा आहे. आयुर्वेदाने नाकाला मस्तकाचे द्वार मानले, नस्याला पंचकर्मांत स्थान दिले आणि अर्धशिशीचे ‘अर्धावभेदक’ या नावाने वर्णन केले. अणुतेल, षड्बिंदू तेल ही नावे आपल्या परिचयाची असतीलच.

मी ॲलोपॅथीचा डॉक्टर. नस्य हे माझे शास्त्र नव्हे. तरीही जाणत्या वैद्यांकडून ते घेणाऱ्यांना मी अडवत नाही. माझी काळजी निराळी आहे, ती वयाची. अर्धशिशी बहुधा तारुण्यात सुरू होते आणि उतारवयात तिचा जोर ओसरतो. पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेल्या डोकेदुखीला आपण परस्पर अर्धशिशी म्हणू नये.

गतवर्षी एक सूनबाई सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना घेऊन आल्या. तीन आठवडे घरीच तुपाचे नस्य चालू होते. वेणी घालताना दुखते का, असे मी विचारले. आजी म्हणाल्या, “कंगवाच काय, उशीसुद्धा टेकवत नाही. आणि भाकरी चावता चावता जबडा भरून येतो.” कानशिलावरची धमनी बोटाला दोरीसारखी लागली. हा धमनीचा दाह डोळ्याचा रक्तपुरवठा तोडू शकतो आणि गेलेली दृष्टी सहसा परतत नाही. त्याच दिवशी ईएसआर तपासून स्टिरॉइड सुरू केले. आजींची नजर वाचली. तीन आठवडे मात्र तुपात गेले होते.

दुसरा धोका गिळण्याचा. पक्षाघात वा कंपवात झालेल्या, पाणी पिताना ठसका लागणाऱ्या वृद्धांच्या नाकात तेल-तूप सोडू नये. ते फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. तेलाने खोकलाही येतोच असे नाही.

इतरांनी नस्य वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावे. जेवणानंतर लगेच किंवा सर्दी-ताप असताना नको. घशात उतरलेले तेल थुंकून टाकावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास वैद्यांना आधी सांगावे. शिवाय, वेदनाशामक गोळी घेतलेल्या प्रत्येक दिवसावर कॅलेंडरात खूण करीत जा. महिन्यात दहा-पंधरा खुणा दिसू लागल्या, तर ती गोळीच आपले डोके दुखवीत असण्याचा संभव आहे. ते पान घेऊन डॉक्टरांकडे या.