चंद्रपूरच्या उन्हात बासरीचं पेटीशी का जुळत नाही?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. अशा दुपारी भजनाला बसलात, तर हिवाळ्यात पेटीशी छान जुळलेली तीच बासरी चढी वाजते. बासरीवाल्याचं काही चुकतंय का? नाही.

बासरीचा सूर नळीतल्या हवेतून येतो. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदामागे साधारण ०.६ मीटर. १५ वरून ४५ अंशांवर गेलं की सूर सुमारे ५ टक्के चढतो, म्हणजे जवळजवळ पेटीची शेजारची पट्टी! फुंकरीने नळी आधीच कोमट होते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी पडतो; पण कानाला कळतो. पेटीचा सूर पितळी पात्यांचा. तो उन्हात फारसा हलत नाही, हललाच तर किंचित उतरतो.

युरोपातही हा घोळ होता. १८५९ मध्ये फ्रान्सने ४३५ हर्ट्झचा प्रमाण सूर ठरवला, तो १५ अंश तापमानाला. १८९६ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने सभागृह त्याहून उबदार असतं असा हिशेब करून ४३९ घेतला. आजचा ४४० हा १९३९ च्या लंडन परिषदेतला.

मग उपाय? फुंकीचं छिद्र ओठांकडे थोडं वळवलं की सूर उतरतो. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरी बासरी काढायची, कारण पाडलेली छिद्रं सरकवता येत नाहीत.

आणि हो, गडचिरोलीत एवढा बांबू असून मैफिलीच्या बासरीसाठी तो आसामकडून का येतो? इथला मानवेल जवळपास भरीव, पेरं आखूड. लांब बासरीला पातळ भिंतीचं लांब पेर लागतं.