दुसरी-तिसरीतल्या मुलाला वाचता येत नसेल, तर शाळेने नेमकं काय करायचं असतं?

पालकसभेत बाई वही पुढे सरकवतात आणि म्हणतात, "तोंडी सगळं येतं हो त्याला, पण लिहायचा कंटाळा आहे. घरी जरा लक्ष द्या." घरी लक्ष दिलं जातं म्हणजे काय, तर दोन धपाटे, मोबाइल बंद आणि शिकवणी सुरू. सहा महिन्यांनी वही होती तशीच असते. मुलात मात्र फरक पडलेला असतो. ते आता शाळेच्या वेळी पोट दुखतं म्हणून सांगायला लागतं.

प्रत्येक वर्गात असं एखादं तरी मूल असतं. त्याला आपण 'ढ', 'आळशी', 'उनाड' म्हणून मोकळे होतो. खरं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं आणि ते शोधणं ही शाळेची कायदेशीर जबाबदारी आहे. हे अनेक पालकांना माहीत नसतं. खरं तर अनेक शाळांनाही नसतं.

आधी डोळे आणि कान

मूल वाचत नाही म्हटलं की लगेच मोठं नाव द्यायची घाई नको. ज्या मुलाला फळा कधी नीट दिसलाच नाही, त्याला इतरांना तो स्पष्ट दिसतो हे कळणार कसं? ते तक्रार करत नाही, शेजाऱ्याच्या वहीत बघून उतरवतं. कान वारंवार वाहणाऱ्या मुलाचंही तसंच. त्याला आवाज ऐकू येतो, पण 'त' आणि 'थ' मधला फरक सुटतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यातलं वैद्यकीय पथक सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये वर्षातून एकदा येऊन मुलांची तपासणी करतं. त्या दिवशी तुमचं मूल शाळेत होतं का आणि कार्डावर काय लिहिलं, हे विचारा. चष्म्याने सुटणारा प्रश्न शिकवणीने सुटत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारमध्ये भिली बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याच्यासाठी परकी भाषाच असते. ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या आसपास आईवडिलांबरोबर फडावर गेली, तर त्यांचं अर्धं वर्ष बुडतं. या मुलांना मदत हवी आहे, पण ती अक्षमता नाही. त्यांच्या नावापुढे तसा शिक्का बसला तर ते अन्यायाचं ठरेल.

मग 'अध्ययन अक्षमता' म्हणजे काय?

दिसतं नीट, ऐकू येतं नीट, बुद्धी वयाला साजेशी आहे, शिकवणंही झालंय, तरी वाचन, लेखन किंवा गणित जमत नाही. अशा वेळी विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा विचार होतो. वाचनातल्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनातल्या अडचणीला डिसग्राफिया आणि गणितातल्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. हा आजार नाही, त्यावर गोळी नाही. मेंदू अक्षर आणि आवाजाची सांगड वेगळ्या पद्धतीने घालतो, एवढंच.

'तारे जमीन पर' २००७ मध्ये आला आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. त्याचे उपकार आहेतच. पण अशा प्रत्येक मुलात एक चित्रकार लपलेला असतो आणि एक चांगला शिक्षक भेटला की सगळं सुरळीत होतं, हा गैरसमजही त्याच सिनेमाने दिला. काही मुलं चित्रातही सामान्यच असतात. त्यांनाही मदतीचा तेवढाच हक्क आहे.

इंग्रजीतल्या 'बी' आणि 'डी' ची उदाहरणं सगळीकडे मिळतात. मराठीत काय होतं? 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांची अदलाबदल होते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. रफाराचं उलटं. 'अर्ज' म्हणताना 'र' आधी येतो, पण दिसतो तो 'ज'च्या डोक्यावर. आपण हे सवयीने वाचतो. अडखळणाऱ्या मुलासाठी तो प्रत्येक वेळी नवा डोंगर असतो. जोडाक्षरांबद्दल तर बोलायलाच नको.

गणितातही आपली भाषा थोडी वाकडी आहे. 'त्रेपन्न' म्हणताना आधी तीन ऐकू येतो, मग पन्नास. लिहायचं मात्र आधी पाच, मग तीन. त्यामुळे मूल ३५ लिहून मोकळं होतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असं वाचन जुन्या नावांच्या जोडीला दिलं, तेव्हा सोशल मीडियावर विनोदांचा पाऊस पडला होता. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण समजावून सांगितलं, पण तोवर थट्टा पुढे गेली होती. ज्या घरात आकडे उलटे लिहिणारं मूल आहे, तिथे त्या बदलाचं महत्त्व वेगळं सांगावं लागलं नसणार.

वर्गात काय करता येतं?

बरंच काही, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

मुलाला पुढच्या बाकावर, फळ्यासमोर बसवायचं. सगळ्यांसमोर अचानक उभं करून धडा वाचायला लावायचं नाही. वाचून घ्यायचंच असेल तर आदल्या दिवशी परिच्छेद दाखवून ठेवायचा. दहा गणितांऐवजी चार द्यायची, पण तीही त्याच संकल्पनेवरची. उत्तर तोंडी येत असेल तर तोंडी घ्यायचं. परिसर अभ्यासात मुलाला पावसाचं चक्र कळलंय का हे तपासायचं असतं. 'बाष्पीभवन' शुद्ध लिहिता येतं का, हा वेगळा प्रश्न आहे. दोन्हींची सरमिसळ झाली की मुलाचे गुण दोन्हीकडून जातात.

वाचन शिकवताना पुन्हा आवाजाकडे जावं लागतं. 'कमळ' शब्दात कोणते आवाज आहेत, पहिला काढला तर काय उरतं, असे खेळ तोंडी घ्यायचे. मग काना, मग एकेक वेलांटी, अक्षर वाळूत किंवा रव्यात बोटाने गिरवत. एका वेळी एकच चिन्ह. रोज पंधरा मिनिटं, रविवारी दोन तास नव्हे.

तीस-चाळीस मुलांच्या वर्गात एका शिक्षकाने हे करायचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. पहिली ते चौथीचे वर्ग मिळून दोनच शिक्षक असलेल्या जिल्हा परिषद शाळा कमी नाहीत. सगळा दोष बाईंच्या माथी मारून चालणार नाही. म्हणून तर कायद्याने ही जबाबदारी एका शिक्षकावर न टाकता संस्थेवर टाकली आहे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व हे सगळे त्यात आहेत. कलम १६ सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या सर्व शैक्षणिक संस्थांसाठी आहे, म्हणजे खासगी इंग्रजी शाळाही त्यात आल्या. भेदभाव न करता प्रवेश, आवश्यक सोयी आणि मुलांमधली अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर अध्यापनाचे उपाय करणं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. 'आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, दुसरी शाळा बघा' हे वाक्य या कलमात बसत नाही.

इथेच एक मोठा घोळ होतो. शाळा म्हणते, आधी प्रमाणपत्र आणा. प्रमाणपत्र लागतं ते परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, भाषा विषयातली सूट, पंचवीस टक्के राखीव जागांवरचा प्रवेश किंवा सरकारी योजनांसाठी. पुढच्या बाकावर बसवायला, तोंडी उत्तर घ्यायला, कमी गणितं द्यायला कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही. कलम १६ मधल्या लवकर ओळखण्याच्या आणि उपायांच्या जबाबदारीला प्रमाणपत्राची अट जोडलेली नाही.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या आधी दिलंही जात नाही, कारण त्याआधी निदान पक्कं करणं अवघड असतं. म्हणजे प्रमाणपत्राची वाट बघितली तर पहिली आणि दुसरी ही दोन वर्षं फुकट जातात. नेमकी हीच वाचनाचा पाया पडण्याची वर्षं.

विशेष शिक्षक कुठे असतात?

समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षक किंवा साधन व्यक्ती शाळांना भेटी देतात. एकेकाकडे कितीतरी शाळा असतात, त्यामुळे भेट महिन्यातून एकदा झाली तरी नशीब. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं, आणि २०२५ मध्ये ही पदं निर्माण करून भरण्याबाबत राज्यांना पुन्हा बजावलं. कागद आणि वर्ग यांत अजून बरंच अंतर आहे.

सामान्य शिक्षकांसाठी एनसीईआरटीचं 'प्रशस्त' नावाचं मोबाइल ॲप आहे. त्यात २१ दिव्यांगत्वांशी संबंधित निरीक्षणांची यादी आहे. त्यातून निदान होत नाही, पण कोणत्या मुलाकडे नीट बघायला हवं हे कळतं.

पालकांनी काय करावं?

तोंडी तक्रार हवेत विरते, म्हणून मुख्याध्यापकांना साधं पत्र लिहा. मुलाला काय जमतं, काय जमत नाही, डोळे-कान तपासून झालेत का, आणि गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकांकडून पाहणी व्हावी ही विनंती. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर गटशिक्षणाधिकारी, त्यांच्यानंतर जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, आणि शाळा प्रवेशच नाकारत असेल तर पुण्यातलं दिव्यांग आयुक्तालय.

मूल आठ वर्षांचं झालं की जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणीसाठी विचारणा करा. बुद्ध्यंक आणि शैक्षणिक चाचण्या एका दिवसात होत नाहीत, दोन-तीन फेऱ्या धरून चला. जाताना पहिलीपासूनच्या जुन्या वह्या सोबत न्या. रद्दीत घालू नका. त्यातल्या चुका सलग बघितल्या की तपासणाऱ्याला बरंच काही समजतं.